आपला चंद्रशेखर

२४ ऑगस्ट २०२१ रोजी कोचीत एका जुन्या फुटबॉलपटूचं निधन झालं. वय ८६. नाव ओ. चंद्रशेखर मेनन. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर चार ओळींची बातमी आली, तिचा मथळा ‘केरळचा ऑलिम्पियन’ असा होता. मी ती पुन्हा एकदा वाचली. कारण आमच्या भोरच्या घरात हा माणूस माझ्या लहानपणापासून ‘बम्बई का चंद्रशेखर’ होता.

हे नाव आमच्याकडे आणलं बडे अब्बांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने. भोर-वेल्ह्याकडची माणसं पोटासाठी मुंबई गाठतात, ही जुनी रीत. बडे अब्बाही पन्नासच्या दशकात गेले आणि मस्जिद बंदरच्या एका गोदामात लागले. ते ‘इन्किलाब’ वाचत आणि पावसाळा संपला की रोव्हर्स कपची वाट बघत. सुट्टीला गावी आले की रात्री ओट्यावर सामने सांगत. पेले नाही, युसेबियो नाही. त्यांच्या गोष्टीतली माणसं टाटा, कॅलटेक्स आणि हैदराबाद पोलिसांची होती. त्यातही गोल करणाऱ्यांपेक्षा मागे उभं राहणाऱ्यांवर त्यांचा जीव जास्त. ‘आपला चंद्रशेखर’ हे शब्द तिथूनच माझ्या कानात बसले. ‘आपला’ म्हणताना त्यांच्या मनात नेमकं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. ते मराठी असतील असं मी धरून चाललो होतो.

ते मराठी नव्हते. जन्म १९३५ चा, त्रिशूरजवळच्या इरिंजालकुडा गावचा. १९५६ मध्ये मुंबईत कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघात आले आणि पुढची दहा वर्षं तिथंच खेळले. त्या काळी आजच्यासारखे व्यावसायिक क्लब नव्हते. मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत, तो सकाळी सराव करी, मग ऑफिसात सही करी आणि स्पर्धेच्या दिवसांत कंपनीच्या जर्सीत उतरे. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, रेल्वे यांच्या जोरावर मुंबईचं फुटबॉल उभं होतं. पगार खेळाडूचा नसे, कारकुनाचा असे. कॅलटेक्सचा भारतातला कारभार पुढे सत्तरच्या दशकात सरकारने ताब्यात घेतला आणि तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. आज पेट्रोल पंपावर ते नाव दिसत नाही.

कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स कप १८९१ पासूनचा. सुरुवातीची पंचेचाळीस वर्षं तो गोऱ्या पलटणींच्याच घरी जात होता. १९३७ साली ‘बेंगलोर मुस्लिम्स’ या संघाने तो जिंकला, आणि लष्कराबाहेरच्या भारतीय संघाकडे हा करंडक पहिल्यांदा आला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. हैदराबादचा किंवा मोहमेडनचा सामना असला की भेंडीबाजार, डोंगरी, मदनपुऱ्यातून लोक पायी कूपरेज गाठत, असं बडे अब्बा सांगत. पण १९५८ साली रोव्हर्स कप मुंबईच्या कॅलटेक्सने जिंकला तेव्हाही ते तेवढेच खूश होते. त्या कॅलटेक्समध्ये नेव्हिल डिसोझा होता, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारणारा. नेव्हिल गोव्याच्या मुळाचा, चंद्रशेखर मलबारकडचा, बघणारा भोरचा. सगळे ‘बम्बईचे’.

बातमी वाचली त्या रात्री मी वेल्ह्याच्या भाच्याला फोन केला. तो आता पुण्यात नोकरीला आहे, पण लहानपणी त्याला स्पॅनिश फुटबॉलचं वेड होतं. मी म्हटलं, “एक मोठा डिफेंडर गेला.” तो लगेच म्हणाला, “मामू, कोण? पुयोल तर ठीक आहे ना?”

हसू आलं, पण त्याचं बरोबर होतं. कार्लेस पुयोलची अख्खी कारकीर्द त्याला पाठ. कॅटलोनियातल्या डोंगराळ भागातलं छोटं गाव, १९९९ मध्ये बार्सिलोनाच्या मुख्य संघात पदार्पण, २००४ पासून कप्तानी, आयुष्यभर एकच क्लब, गुडघ्यांनी साथ सोडल्यावर २०१४ मध्ये निवृत्ती. २०१० च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्धचा एकमेव गोल या बचावपटूने डोक्याने मारला, तेव्हा भाचा माझ्याच घरी होता आणि शेजारचे उठून आले होते. पण आमच्या घरात पुयोल कायमचा शिरला तो २८ मे २०११ च्या रात्री. वेम्बलीवर बार्सिलोनाने मँचेस्टर युनायटेडला ३-१ ने हरवलं. कप्तान म्हणून करंडक पुयोलने उचलायचा होता. त्याने दंडावरची कप्तानाची पट्टी काढून एरिक अबिदालच्या दंडावर बांधली. अबिदाल हा इस्लाम स्वीकारलेला फ्रेंच बचावपटू. दोनच महिन्यांपूर्वी त्याच्या यकृतातली गाठ काढली होती, आणि त्या रात्री तो पूर्ण सामना खेळला होता. करंडक त्याने उचलला. रात्रीचे अडीच वाजत आले होते. माझी बहीण, जिला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही, तिने दुपट्ट्याने डोळे पुसले.

तर या भाच्याला मी म्हटलं की, हा डिफेंडर आपल्याकडचा, मुंबईचा, आशियाई सुवर्णपदक जिंकलेला. तिकडून शांतता. मग म्हणाला, “आपण फुटबॉलमध्ये सुवर्ण जिंकलंय?”

दोनदा जिंकलंय. १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात. दोन्ही वेळा प्रशिक्षक एकच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. १९४३ पासून हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांनी घडवला आणि १९५० पासून देशाचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला दहा गोल मारले, तेव्हा आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट आले, आणि रहीमसाहेबांनी पुढे गर्दी करून मागे दोघांच्या भरवशावर राहण्याची इंग्रजी पद्धत हळूहळू मोडून काढली. १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरीशी १-२ असा हरला, फ्रान्सला १-१ असं बरोबरीत रोखलं, पेरूशी १-३ असा हरला. चंद्रशेखर रोमच्या संघात होते. रहीमसाहेबांच्या मांडणीत राइट बॅकचं काम नुसतं चेंडू लाथाडून मैदानाबाहेर घालवायचं नव्हतं. समोरच्या विंगरला बांधून ठेवायचं, मधला स्टॉपर सरकला की त्याची जागा धरायची आणि चेंडू आपल्याच माणसाकडे द्यायचा.

१९६२ च्या जकार्ताची गोष्ट ‘मैदान’ या सिनेमामुळे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहे. सिनेमा २०२४ मध्ये आला आणि रहीम हे नाव साठ वर्षांनी लोकांच्या तोंडी आलं. चांगलं झालं. पण सिनेमाला हिरो लागतो, आणि बचावफळी कॅमेऱ्यात नीट मावत नाही. म्हणून जकार्ता मी थोडं मागून सांगतो.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवलं. दुसऱ्या सामन्यात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण जर्नेल सिंग जखमी झाले. जर्नेल म्हणजे भारताचा स्टॉपर, बचावाचा मधला खांब. डोक्याला टाके पडले. जपानविरुद्ध त्यांच्याशिवाय खेळून भारत २-० ने जिंकला. उपांत्य सामना आला तेव्हा जर्नेल उभे राहू शकत होते, पण स्टॉपरला प्रत्येक उंच चेंडूवर डोकं घालावं लागतं आणि तिथं टाके होते. रहीमसाहेबांनी त्यांना मागून काढलं आणि थेट सेंटर फॉरवर्डला नेऊन ठेवलं. कॉलेजच्या दिवसांत जर्नेल पुढे खेळत, हे त्यांच्या लक्षात होतं. दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय झाला, त्यात एक गोल जर्नेलचा.

गोष्ट इथं जर्नेलच्या मागे पुढे निघून जाते. मी मागेच थांबतो. जो खांब काढला त्याच्या जागी काय आलं?

राजगडची संजीवनी माची ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावणं सोपं आहे. (वेल्हे तालुक्याला आता सरकारी कागदावर राजगड तालुका म्हणतात, आमच्या तोंडी मात्र वेल्हेच आहे.) माचीला दुहेरी तट आहे. बाहेरचा बुरुज, त्याच्या आत पुन्हा चिलखती भिंत, मधून माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ. बाहेरचा बुरुज पडला तरी आत शिरणारा शत्रू मोकळ्या पटांगणात येत नाही, दुसऱ्या भिंतीसमोर येतो. भाच्याला मी हे माचीवर उभं राहून दाखवलं होतं, तेव्हा विषय आदिलशाही फौजांचा होता. फोनवर मी तेच पुन्हा सांगितलं. जर्नेल हा बाहेरचा बुरुज. तो काढून पुढे नेला. मग अरुण घोष हाफच्या जागेवरून मागे स्टॉपरला आला. त्याच्या डावीकडे त्रिलोक सिंग, उजवीकडे चंद्रशेखर, गोलमध्ये पीटर थंगराज. घोषची जागा नवी होती. म्हणून जुन्या जागेवर उभ्या असलेल्या दोघांना आपलं काम करून वर घोषची पाठही राखायची होती. समोर फ्रँको आणि प्रशांत सिन्हा. फोर्तुनातो फ्रँको गोव्याच्या कोलवाळचा आणि तोही मुंबईत टाटांकडून खेळणारा.

४ सप्टेंबर १९६२, सेनायन स्टेडियम. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. प्रेक्षक लाखभर, आणि ते भारताच्या विरोधात पेटलेले. त्याचं कारण फुटबॉल नव्हतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला होता. भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी, मग या स्पर्धांना आशियाई म्हणता येणार नाही, अशी भूमिका घेतली. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी जमावाने जकार्तातल्या भारतीय दूतावासावर हल्ला केला. मैदानात भारताच्या प्रत्येक स्पर्शाला हुर्यो. त्या गर्दीत एक छोटा गट मात्र भारताच्या बाजूने ओरडत होता, तो पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचा. त्यांनी हॉकीत भारतालाच हरवून सुवर्ण घेतलं होतं. ही आठवण त्या संघातल्या आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली आहे. आजच्या वातावरणात हे वाचताना मी जरा थबकतो. मुस्लीम बहुसंख्य शहरातले प्रेक्षक भारताविरुद्ध, मुस्लीम देशाचे हॉकीपटू भारताच्या बाजूने, आणि भारताच्या बाकावर कॅन्सरने पोखरलेला एक मुस्लीम मास्तर. यातून ‘मुसलमान कोणाच्या बाजूने’ या प्रश्नाचं सोयीचं उत्तर कोणालाच काढता येत नाही.

सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलनी. २-०. यानंतर सामन्याचे सत्तर मिनिटं उरले होते, आणि या सत्तर मिनिटांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. काही दिवसांपूर्वी ज्या संघाने आपल्याला दोन गोल मारले होते, त्याला सुधारलेल्या, जागा बदललेल्या बचावाने पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल करू दिला नाही. मग एक झाला. २-१ वर शिट्टी वाजली. मला विचाराल तर सुवर्णपदक या सत्तर मिनिटांचं आहे. रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी गेले, पुरते नऊ-दहा महिनेही मिळाले नाहीत. भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण पुन्हा मिळालं नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं ते शेवटचं पदक. त्या संघाचा कप्तान हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन होता, तोही बचावपटू.

आता महाराष्ट्राकडे येऊ. राज्य झालं १ मे १९६० रोजी. त्याआधी राष्ट्रीय अजिंक्यपदाची संतोष ट्रॉफी ‘बॉम्बे’ने एकदा, १९५४ च्या हंगामात जिंकली होती. ‘महाराष्ट्र’ या नावाने ती पहिल्यांदा आली १९६३-६४ च्या हंगामात, मद्रासला आंध्र प्रदेशाला हरवून. संयुक्त महाराष्ट्राचे १०६ हुतात्मे अजून ताजे होते, राज्य तीन वर्षांचं होतं. आणि त्या नावाचा पहिला फुटबॉल विजेता कप्तान होता इरिंजालकुड्याचा चंद्रशेखर मेनन.

मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा अभिमान वाटला, आणि लगेच पुढचं आठवलं. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. त्याआधीपासून ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा आली. नायर, मेनन, अय्यर ही आडनावं यादीत शोधली जाऊ लागली. मराठी तरुणाला नोकरी नाही ही तक्रार खोटी नव्हती, हे मी मान्य करतो. आमच्याही घरात बेकार पोरं होती. पण यादीत आडनावं छापली की त्यात माणूस उरत नाही. कॅलटेक्सच्या कचेरीत सही करणारा एक मेनन तीन वर्षांपूर्वी महाराष्ट्राचं नाव घेऊन मद्रासमध्ये, म्हणजे दाक्षिणात्यांच्याच गर्दीसमोर, खेळला होता, हे त्या यादीला कसं कळणार? त्या दिवसांत चंद्रशेखर यांना काही त्रास झाला असं मी म्हणत नाही. ते १९६४ च्या आशिया कपमध्ये उपविजेत्या भारतीय संघात होते, १९६६ पर्यंत देशाकडून खेळले, कॅलटेक्सनंतर स्टेट बँकेकडून खेळले आणि पुढे केरळला परतले.

हे मला एवढं का लागतं, तेही सांगतो. माझे पणजोबा भोर संस्थानच्या पागेत होते. पंतसचिवांचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं तेव्हा आजोबा इथंच होते. भाटघर धरणाच्या पाण्याखाली आमच्याही नात्यातल्यांची जमीन गेली. तरी पुण्यात भाड्याने खोली बघायला गेलो की नाव ऐकल्यावर प्रश्न येतो, “तुम्ही मूळचे कुठले?” भोरचा म्हटलं की पुढचा प्रश्न, “नाही, पण मूळचे?” चंद्रशेखर यांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांच्याकडे निदान सांगायला एक दुसरं गाव होतं.

अर्जुन पुरस्कारांची यादी एकदा जकार्ताच्या अंतिम संघाशेजारी ठेवून बघा. पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग, अरुण घोष, युसूफ खान, पीटर थंगराज अशी १९६७ पर्यंत दरवर्षी एक, या क्रमाने सात जणांना तो मिळाला. अकरापैकी चार राहिले: त्रिलोक सिंग, प्रशांत सिन्हा, फ्रँको आणि चंद्रशेखर. मुंबईचे दोघेही राहिलेल्यांत. यामागे कट वगैरे काही नसावा. मागे किंवा मध्यात खेळणारे, गाजावाजा न करणारे, आणि ज्यांच्यासाठी भांडायला आपलं असं राज्य नव्हतं असे. महाराष्ट्राला ते केरळचे आणि गोव्याचे वाटले. केरळ आणि गोव्याला त्या वर्षांत ते मुंबईचे वाटले असतील. गोवा तर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत भारतातच नव्हता. फ्रँको १० मे २०२१ रोजी गेले, चंद्रशेखर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. कोविडच्या बातम्यांत दोन्ही बातम्या बुडाल्या.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. “बडे अब्बांना माहीत होतं का, तो मल्याळी आहे ते?” मला उत्तर देता येईना. बडे अब्बा जाऊन पंचवीस वर्षं झाली. सकाळी मी अब्बांना विचारलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. दोनदा मोठ्याने विचारावं लागलं.

“मालूम था,” ते म्हणाले. “भाईजान के गोदाम में चार मलबारी थे. उनोंच लेको गए थे मॅच को, पहली बार.” मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मलाच विचारलं, “क्यों, तेरे को क्या लगा?”